कर्त्यावाचून घडलेलं

मधुमेह झाल्याचं कळलं की माणूस डॉक्टरांना पुष्कळ काही विचारतो. भात बंद करायचा का, आंबा चालेल का, गोळी जेवणाआधी की नंतर. एक प्रश्न मात्र तो तिथे काढत नाही, कारण त्याचं उत्तर त्याला देवाकडून हवं असतं: माझं काय चुकलं? मी जन्मभर मिरजेत वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवलं. या प्रश्नाबद्दल माझ्या विषयाला बोलण्यासारखं खूप आहे, आणि ते सगळं रक्तातल्या एका अतिसूक्ष्म कणापाशी येऊन ठेपतं.

प्रश्न विचारला माझ्या आईने. जत तालुक्यातल्या एका दुष्काळी गावात जन्मलेली, उभ्या आयुष्यात पंचेचाळीस किलोच्या वर न गेलेली बाई. पहाटे अंघोळ झाली की गीतेचा अठरावा अध्याय म्हणायची, तोंडपाठ. साखरेचा आजार तिला पन्नाशीत जडला आणि सत्तरीत छातीत कळ आली. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या चोंदलेल्या निघाल्या. घरात दोन उत्तरं लगेच तयार झाली. मावशी म्हणाली, "लपून गोड खायची, दुसरं काय!" शेजारच्या आजी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं असतं हो एकेकाचं." एक उत्तर स्वयंपाकघरातलं, दुसरं पूर्वजन्मातलं. दोन्हींचा साचा एकच. वाईट घडलं म्हणजे कुणीतरी वाईट केलं, आणि ज्याच्या शरीरात ते घडलं त्यानेच केलं.

आईच्या उशाशी रक्ताचा रिपोर्ट होता. एकूण कोलेस्टेरॉल 179, एलडीएल 94, एचडीएल 33, ट्रायग्लिसराइड 262, एचबीएवनसी 9.1. तिने बोट ठेवलं ते एलडीएलवर. आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेच्या आत होता. "हे तर बरोबर आहे ना गं? मग?"

त्या 'मग'चं उत्तर द्यायला कणाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत ते चरबीबरोबर कणांत भरून रक्तात सोडतं. प्रत्येक कणाभोवती अपोबी नावाचं एक प्रचंड प्रथिन वेढलेलं असतं, 4536 अमिनो आम्लांची एकच साखळी. वाटेत स्नायू आणि मेदपेशी कणातली चरबी काढून घेतात, कण आक्रसत जातो, आणि शेवटी कोलेस्टेरॉलने भरलेला जो उरतो तो एलडीएल. त्याचा व्यास साधारण 22 नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रांगेत असे पंचेचाळीस हजार कण बसतील. आतला माल बदलतो, आकार बदलतो, पण अपोबीची ती एक साखळी यकृतातून निघाल्यापासून यकृतात परत शिरेपर्यंत कणाला सोडत नाही. निरोगी माणसात एलडीएलचा हा फेरा सरासरी अडीच दिवसांत संपतो.

परत शिरणं कसं होतं हे डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1973-74 च्या सुमारास शोधलं. 1985 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलचे रिसेप्टर असतात. रिसेप्टरच्या टोकाला ऋण विद्युत्भार, अपोबीच्या एका ठरावीक पट्ट्यात लायसिन आणि आर्जिनिन यांचा धन भार. दोन्ही जुळले की कण पेशीत ओढला जातो, आत आम्लात सुटा होतो, आणि रिसेप्टर रिकामा होऊन पुन्हा पृष्ठभागावर येतो. ही एक फेरी सुमारे दहा मिनिटांची. असे बहुसंख्य रिसेप्टर यकृतातच असतात. ज्या मुलांना आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून बिघडलेलं जनुक मिळतं त्यांच्यात ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येतो. 1984 साली अमेरिकेत अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर दुसऱ्याचं यकृतही बसवलं. हजाराच्या वर असलेलं तिचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. त्या मुलीने काय पाप केलं होतं, असं आमच्या शेजारच्या आजींनी तरी विचारलं असतं का?

आईच्या बाबतीत जनुक शाबूत होतं. तिच्यात कण बदलला होता, दोन वेगवेगळ्या वाटांनी.

पहिली वाट देवघेवीची. इन्सुलिनचं ऐकेनासं झालेलं शरीर मेदपेशींतून मेदाम्लं सोडत राहतं, यकृत त्यांची चरबी करून मोठमोठे कण रक्तात लोटत राहतं. रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रथिन फिरत असतं. ते या चरबीने भरलेल्या कणांतली थोडी चरबी एलडीएलमध्ये घालतं आणि तिथलं कोलेस्टेरॉल बाहेर काढतं. मग यकृतातलं एक विकर ती चरबी कातरून टाकतं. उरतो तो लहान, घट्ट एलडीएल. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून 94 या आकड्यात मावणारे कण मात्र जास्त. प्रयोगशाळेने कोलेस्टेरॉलचं वजन सांगितलं, कणांची गणती सांगितली नाही. त्याच कागदावर 262 आणि 33 हे आकडे ओरडून सांगत होते. 179 मधून 33 वजा केले तर 146 उरतात, आणि मधुमेहात तो आकडा पाहायचा असतो. हे मी इतक्या आग्रहाने लिहिते कारण 'एलडीएल ठीक आहे' या एका वाक्यावर कितीतरी घरं निर्धास्त झोपतात.

लहान कणावर अपोबीची ठेवण थोडी बदलते आणि रिसेप्टरला तो नीट पकडता येत नाही. तो रक्तात जास्त वेळ राहतो, धमनीच्या भिंतीत सहज शिरतो आणि तिथे अडकतो.

दुसरी वाट साखरेची, आणि माझं सगळं म्हणणं या वाटेवर आहे.

शरीरात एखादा रासायनिक बंध जुळवायचा असेल तर त्या कामासाठी विकर असतं. ते काम करतं, थांबतं, त्याच्यावर नियंत्रण असतं. ग्लुकोज मात्र प्रथिनाला विकराशिवायही जडतं. ग्लुकोजचा रेणू बहुतेक सगळा वेळ कडं करून बंद बसलेला असतो; एखादाच क्षणभर उघडतो, आणि त्या क्षणी शेजारी लायसिनचा मोकळा अमिनो गट असला तर दोघं जुळतात. आधी सुटू शकेल असा सैल बंध, मग हळूहळू पक्का. पावाचं कवच तांबूस होतं त्यामागची हीच क्रिया लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली वर्णन केली. ताप कमी आणि वेळ जास्त, एवढाच शरीरातला फरक. रक्तात साखर दुप्पट झाली तर असे योग जास्त वेळा येतात. हेतू कुणाचाच नाही. सान्निध्य आणि काळ, दोनच गोष्टी पुरतात.

1981 मध्ये फ्रँकलिन बन आणि पॉल हिगिन्स यांनी निरनिराळ्या साखरा प्रथिनांशी किती वेगाने जुळतात ते मोजलं. सारख्या जातीच्या सगळ्या साखरांत ग्लुकोज सर्वांत मंद निघालं. जीवसृष्टीने इंधन म्हणून ग्लुकोजच निवडलं ते कदाचित त्यामुळेच, असं त्यांनी सुचवलं. हा विचार मला आजही थांबवून ठेवतो. जगण्यासाठी उपलब्ध असलेल्यांतली सर्वांत निरुपद्रवी साखर घेतली, आणि तरीही तिच्या सहवासाची किंमत उरलीच.

साखर अपोबीच्या लायसिनवर बसली की त्या जागचा गुण बदलतो आणि रिसेप्टरशी होणारी जुळणी ढिली पडते. स्टाइनब्रेखर आणि विट्झटम यांनी 1984 मध्ये दाखवलं की मधुमेहींच्या रक्तात आढळते तेवढीच, म्हणजे अगदी थोडी, साखर अपोबीवर चढली तरी एलडीएलचा निचरा मंदावतो. कण तोच, कोलेस्टेरॉल तेच. यकृताची पेशी त्याला पूर्वीसारखी घेत नाही.

हे सगळं मी आईच्या खाटेपाशी बसून सांगत होते तेव्हा काका ऐकत होते. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्याय शिकलेले. त्यांनी विचारलं, "साखर बसते तेव्हा कण मोडतो का?"

"नाही. अखंड राहतो."

"मग तू नैयायिकांच्या बाजूची."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कच्चं मडकं आव्यात घातलं की काळ्याचं तांबडं होतं; हा रंग बदलतो कुठे? वैशेषिक म्हणतात, अग्नीने मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, एकेका परमाणूचा रंग पालटतो, आणि त्यांचंच नवं मडकं उभं राहतं. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात, मडकं मोडतच नाही. अग्नी त्याच्या छिद्रांतून शिरतो आणि अख्ख्या मडक्याचा रंग जागच्या जागी बदलतो. हा पिठरपाक. आपण डोळ्यांनी बघत असतो, वर ठेवलेलं झाकणसुद्धा पडत नाही, तेव्हा मडकं मोडून पुन्हा झालं असं कशाला मानायचं, हा त्यांचा युक्तिवाद. दोन्ही शाळांनी यावर शतकानुशतकं वाद घातला, कारण प्रश्न मडक्याचा नव्हता. वस्तू बदलली तरी तीच राहते का, आणि राहत असेल तर कशाच्या बळावर, हा होता.

त्या संध्याकाळी मला माझा विषय नव्याने दिसला. साखर चढलेला एलडीएल हा पिठरपाकच: अवयव शाबूत, गुण वेगळा. लहान घट्ट कणाची गोष्ट निराळी. तिथे आतला माल काढला-घातला गेला, काही भाग कातरला गेला. आणि अवयव कमी-जास्त झाले की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो असं नैयायिकच मानतात. म्हणजे काकांच्या शास्त्राप्रमाणे मधुमेह एकाच कणाला दोन प्रकारे बदलतो: एकदा तो तोच राहून, एकदा तो दुसरा होऊन. मी अपोबीच्या एका साखळीकडे बोट दाखवून म्हटलं, ही तर आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे. काका म्हणाले, "अगं, मग तुझ्या कणाची ओळख तिच्यात. पण यकृत ओळखतं ते तिला, की तिच्या गुणाला?" त्याला उत्तर आहे. रिसेप्टरला साखळी कळत नाही. साखळीच्या एका पट्ट्यावरचा विद्युत्भार आणि घडी कळते. ओळखणाऱ्याच्या हाती नेहमी गुणच लागतो.

आणि ओळखणारा तरी निर्दोष कुठे असतो? कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे आपल्या दर्शनांतलं करणदोषाचं ठरलेलं उदाहरण. मधुमेहात यकृताची पेशीही बदलते. इन्सुलिन एलडीएलचे रिसेप्टर वाढवतं. त्याचा परिणाम घटला की तेही घटतात. शिवाय यकृतपेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेटच्या साखळ्यांचं दाट रान असतं. जेवणानंतरच्या चरबीच्या कणांचे अवशेष त्यात अडकून आत जातात. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं की त्यांच्या यकृतात सल्फ-2 हे विकर वाढतं, साखळ्यांवरचे सल्फेट गट काढून टाकतं, आणि अवशेष पकडले जाईनासे होतात. तेव्हा कण आणि यकृत यांच्यातली जुळणी सुटते ती दोन्हीकडून, आणि दोष एका बाजूला ठेवायला जागा राहत नाही.

पुढची पायरी मला सर्वांत अस्वस्थ करते. यकृताने न घेतलेला कण रक्तात रेंगाळतो. जितका रेंगाळेल तितकी साखर त्याला जास्त बसते. जितकी साखर बसेल तितका तो जास्त रेंगाळतो. काका याला अन्योन्याश्रय म्हणाले; तर्कात हा दोष आहे, शरीरात मात्र तो रोज घडतो. साखर चढलेला कण प्राणवायूने लवकर बिघडतो. धमनीच्या भिंतीत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. बिघडलेलं, टाकाऊ उचलून नेणं हे त्यांचं काम. त्यांचे रिसेप्टर वेगळे. साध्या पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती आपले रिसेप्टर कमी करते. मॅक्रोफेजला असा आवर नाही. ती घेतच राहते, फुगते, फेसाळते, आणि भिंतीतच मरते. आईच्या धमन्यांतल्या थराच्या गाभ्यात कर्तव्य करता करता मेलेल्या अशा पेशींचा ढीग होता.

आता सांगा, गुन्हेगार कोण? साखर आपल्या स्वभावाने वागली. कण रक्तात होता, तो आणखी कुठे असणार? रिसेप्टरने जुळत नाही ते घेतलं नाही. मॅक्रोफेजने तर इतरांनी टाकलेलं उचललं. साखळीतल्या एकाही कडीला 'तू असं करायला नको होतंस' असं म्हणता येत नाही. आणि तरी माझी आई चार पावलं चालली की छाती धरून बसत होती.

म्हणून मी म्हणते की कारण असणं आणि दोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या परंपरेने त्यांची गल्लत केलेली आहे, हे झाकून उपयोग नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापांचं आणि रोगांचं कोष्टकच आहे: सोनं चोरणाऱ्याची नखं विद्रूप, दारू पिणाऱ्याचे दात काळे, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय. पुढे कर्मविपाकाच्या ग्रंथांनी हे कोष्टक वाढवत नेलं. आजाऱ्याच्या दुखण्यावर आरोपाचं ओझं चढवणारा हा विचार मला क्रूर वाटतो, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मी हा शब्द मागे घेणार नाही. त्याच भूमीत दुसरा आवाजही होता. संयुत्त निकायातल्या एका सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचं काय? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, वागण्यातली हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणं मोजतो, कर्म हे त्यांतलं आठवं ठेवतो, आणि सगळं कर्मावर घालणारे आपल्या अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात असं सांगतो. कर्म मानणाऱ्यानेच कर्माला एवढी मर्यादा घातली, हे केवढं धैर्य.

आणि मावशीचं उत्तर? गोड खाल्लं म्हणून? काकांनीच त्याचा समाचार घेतला. तर्कशास्त्रात अन्यथासिद्ध म्हणून एक कल्पना आहे: कार्याच्या आधी हजर असतं पण कारण नसतं असं काही. मडक्याच्या आधी कुंभाराचा बाप असतो, माती वाहून आणणारं गाढवही असतं. म्हणून गाढवाने मडकं केलं असं कुणी म्हणत नाही. "वहिनींनी लग्नात खाल्लेला लाडू हे ते गाढव," काका म्हणाले. मी त्यांना थोडं आवरलं. आहाराला महत्त्व आहेच. रोजच्या खाण्याने साखर चढते आणि उतरते, हे नाकारणं हानिकारक ठरेल. पण टाइप 2 मधुमेहात उपाशीपोटी वाढलेली साखर बरीचशी यकृतानेच तयार केलेली असते, आणि इन्सुलिनला जुमानेनासं होण्याची मुळं फार मागे जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. ती बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमतरता होती ती स्नायूंची, चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, आतून मेदाळ शरीर. लॅन्सेटमध्ये 2004 साली त्यांचं स्वतःचं उदाहरण छापून आलं: त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय सारखाच, 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के.

जतच्या त्या दुष्काळी गावात आजीच्या गरोदरपणात चुलीवर काय शिजत होतं, आणि काय शिजत नव्हतं, याचा जाब आईने द्यायचा? पूर्वजन्म मानायचाच असेल तर मला हा मानता येतो: गर्भातले नऊ महिने. तो तिचा होता, पण त्यात तिने केलेलं काही नव्हतं.

आईला रसायनशास्त्रातलं थोडं कळलं, बरंचसं कळलं नाही. तिला धरायला जागा मिळाली ती तिच्या रोजच्या पाठात. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. पुढे लगेच म्हटलं आहे की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. आपण हा श्लोक पुण्यकर्माच्या अहंकाराविरुद्ध ऐकतो. यश मिळालं तर 'मी केलं' म्हणू नये, एवढाच त्याचा अर्थ लावतो. आईने तो उलट्या बाजूने लावला. "म्हणजे बिघडलं तरी मी एकटीनेच बिघडवलं असं म्हणणंसुद्धा अहंकारच की भाऊजी," ती काकांना म्हणाली. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. हा अर्थ कुणी सांगितलेला मला आठवत नाही, आणि तो बरोबर आहे असं मला वाटतं.

काकांना मात्र माझं मूळ म्हणणंच पटलेलं नव्हतं. कर्त्यावाचून कार्य घडतं, हे नैयायिक कसं मान्य करील? उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध केला तो याच पायावर: जे जे कार्य त्याला कर्ता असतो, मडक्याला कुंभार तसा जगालाही. "तू म्हणतेस तो बंध विकराशिवाय जुळतो. ठीक. पण विकर म्हणजे करण. करण नाही म्हणून कर्ता नाही, हे कसं निघालं?" मी म्हटलं, मग त्या बंधाचा कर्ता ईश्वर माना, पण मग आईचा प्रश्न तिच्याकडून उठून ईश्वराकडे जातो. त्याने हे का केलं? काका म्हणाले, ईश्वर जीवांच्या अदृष्टाप्रमाणे, म्हणजे त्यांच्या साठलेल्या कर्माप्रमाणे, वागतो, त्याच्यावर निर्दयपणाचा आरोप येत नाही. म्हणजे फिरून कर्मावरच आलो. हा वाद आमच्यात खूप चालला आणि माझ्या मते तो इथेच अडतो. ईश्वराला वाचवायला अदृष्ट आणायचं, आणि अदृष्ट आणलं की आजारी माणूस पुन्हा आरोपीच्या जागी उभा राहतो. दोघांपैकी एकाला तिथे उभं करणं भागच असेल तर मी आजारी माणसाला करणार नाही. काका एवढं मात्र निःसंदिग्ध बोलले की कुणाचं अदृष्ट काय आहे ते कुणालाच दिसत नाही. ते मला दिसतं आणि तुझ्या शरीरात दिसतं, असं जो म्हणतो तो शास्त्र सोडून बोलतो. आस्तिकाकडून एवढं मिळालं तर मला पुरे आहे.

राहिला त्यांचा शेवटचा आक्षेप, आणि तो खरोखर वजनदार आहे. आजाराचा दोष माणसाकडे नसेल तर तो सांभाळल्याचं श्रेयही त्याच्याकडे कसं? दोन्ही घ्या नाहीतर दोन्ही सोडा.

मी एक घेते आणि एक सोडते, आणि त्याला आधार आहे. अमेरिका-कॅनडात टाइप 1 मधुमेहाच्या 1441 रुग्णांवर 1983 ते 1993 एक मोठी चाचणी झाली. एका गटाने साखर कसून ताब्यात ठेवली, दुसऱ्याने त्या काळच्या रीतीने. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरी 2005 मध्ये पाहिलं तेव्हा पहिल्या गटात हृदयविकार आणि तत्सम घटना 42 टक्क्यांनी कमी होत्या. जुनी वर्षं शरीराने लक्षात ठेवली होती. एलडीएलचा कण काही दिवसांत जातो, त्याच्याबरोबर त्याच्यावरची साखरही जाते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांचं सांगतं. धमनीच्या भिंतीतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं आणि त्याला बसलेली साखर पक्की होत जाते. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द इथे चटकन जुळवता येतील. मी जुळवत नाही, कारण संचिताच्या कल्पनेत कर्ता गृहीत आहे आणि कोलॅजनमध्ये तो नाही.

पण त्या पहिल्या गटाने दिवसातून तीनचारदा सुई टोचून घेतली, बोटातून रक्त काढून पाहिलं, आणि हे वर्षानुवर्षं केलं. ते आपोआप घडलं नाही. साखर लायसिनला जडते तेव्हा कुणी काही ठरवलेलं नसतं. माणूस जेवून उठल्यावर अर्धा तास चालतो तेव्हा त्याने ते ठरवलेलं असतं. म्हणून पहिल्याचा दोष कुणाकडे जात नाही आणि दुसऱ्याचं श्रेय त्या माणसाकडे जातं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर आई अंगणात चालू लागली, गोळ्या वेळेवर घेऊ लागली, जेवताना भाकरी अर्धी बाजूला सारू लागली. काका म्हणतात, हीसुद्धा त्या पाचांतली चेष्टाच, एकट्या वहिनींची नव्हे. ते त्यांचं म्हणणं आहे. मी ते आईच्या खात्यावर लिहिते.